मदत करताना आपल्याला नक्की काय हवं असतं?

गोदाकाठकर:
डिसेंबर लागला की नाशकात रामकुंडाच्या बाजूला ब्लँकेटवाटप सुरू. मंडळाचा बॅनर, झोपलेल्याला उठवून फोटो. पावसाळ्यात त्याच माणसांना प्लॅस्टिकचा कागद हवा असतो, गोदेला पाणी वाढलं की बोचकी हलवायला माणसं हवी असतात. तेव्हा बॅनरवाले कुठे असतात? हेतू ही ज्याची त्याची खासगी बाब, असं म्हणतात. मला नाही पटत. काय द्यायचं नि कधी द्यायचं, हे तो हेतूच ठरवतो.

सातपूरचा_फिटर:
अहो, थंडीत कुडकुडणाऱ्याला ब्लँकेट मिळालं ना? कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. सक्तीचा पैसा, त्यात कसली आलीय करुणा! पण त्यातून शाळेत संडास झाला तर मुली वापरतातच की. आणि 'माझं मन शुद्ध आहे का' हे घोळवत बसणं म्हणजे पुन्हा स्वतःभोवतीच पिंगा. घेणारा राहिला बाजूला.

जमाखर्च:
देणगीवर आयकरात वजावट मिळते, ८०जी म्हणतात तिला, तिचं बघा. रोख २,००० रुपयांवर दिले तर वजावट नाही, आणि नव्या कररचनेत तर ही वजावटच नाही. तरी देणारे देतात, काही गळतात. गळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या पैशानेही वसतिगृहाचा किराणा भरलाच होता.

गोदाकाठकर:
पैशापुरतं मान्य. पण माणूस हाताशी धरला की प्रकरण वेगळं. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरची पोरं इथल्या अभ्यासिकांत येतात. एखादे सर फी भरतात, पुस्तकं देतात, दर रविवारी शिकवतात. मग पोरगं म्हणतं, एमपीएससी नको, सीएनसी मशीनचं काम शिकून अंबडच्या कारखान्यात लागतो, घरी पैसे पाठवायचेत. तेव्हा सरांचा चेहरा बघा. 'एवढं केलं याच्यासाठी!' म्हणजे पोराचं भलं हवं होतं, की 'माझा विद्यार्थी अधिकारी झाला' हे सांगायचं होतं?

सातपूरचा_फिटर:
दोन्ही असेल! रविवार घालवलेत त्यांनी, वाईट वाटणारच. आईबापांना नाही वाटत? तेवढ्यावरून माणूस खोटा ठरवू नका.

हरसूलची_पोर:
मी त्या पोरांतलीच. सरांच्या मनात काय होतं याचा मला काय उपयोग? दर सत्काराला स्टेजवर उभं करून घरच्या गरिबीवर बोलायला लावायचे. नाही म्हटलं तर पुढची फी मिळेल का, हे विचारायची सोय नव्हती. अट असेल तर आधी सांगा. घ्यायचं की नाही ते आम्ही बघू.

सातपूरचा_फिटर:
मग तो करार झाला, ताई. मदत कसली?

हरसूलची_पोर:
चालेल की. नर्सिंगसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा हप्ता किती नि शेवटचा कधी, हे पहिल्याच दिवशी कळलं. सरांचं किती देणं उरलंय, ते अजून कळलेलं नाही.