पादुआच्या न्यायवाड्याचे छत मूळचे आहे का?

प्रश्न : इटलीतील पादुआ येथील ‘पालाझ्झो देला राजोने’ (न्यायवाडा) या मध्ययुगीन नगरसभागृहाचे, मधे एकही खांब नसलेले प्रचंड छत मूळचेच आहे का?

प्रतिसाद १ : नाही. १२१९च्या सुमारास पूर्ण झालेल्या या न्यायवाड्यावर ख्रिस्ती मठवासी आणि वास्तुकार फ्रा जोव्हान्नी यांनी १३०६नंतर उपड्या नावेसारखे लाकडी छत चढवले. १४२०च्या आगीत ते जळाले, त्यासोबत चित्रकार जोत्तोची मानली जाणारी भित्तिचित्रेही गेली आणि पुन्हा बांधलेले छत १७५६च्या वावटळीने उडवून दिले.

प्रतिसाद २ : त्या वावटळीनंतरचे छताचे काम अभियंते बार्तोलोमेओ फेराचिना यांचे.

प्रतिसाद ३ : छतापेक्षा मला तिथला काळा दगड अधिक बोलका वाटतो. दिवाळखोर कर्जदाराला केवळ अंतर्वस्त्रांवर त्यावर तीनदा बसवून, मालमत्तेवरचा हक्क सोडल्याचे चारचौघांत वदवून घेत. तळमजल्यावर बाजार तेव्हाही भरत असे, आजही भरतो.