२० हजारांत घरची एस्प्रेसो: पैसे मशीनवर घालायचे की ग्राइंडरवर?

सकाळी_सहाला
आमच्याकडे कॉफी पिणारे दोघंच. नवऱ्याला काळी लागते, मला दुधाची, वर फेस असलेली. शनिवार-रविवार बाहेर जाऊन प्यायलो की पाचशे रुपये सहज जातात म्हणून आता घरीच एस्प्रेसोचं, म्हणजे दाबाने दाट कॉफी काढणारं मशीन घ्यायचं ठरवलंय, बजेट सगळं धरून २० हजार, त्यावर एक रुपया नाही. दुकानातला माणूस म्हणाला १५ बारवालं (बार म्हणजे दाबाचं माप) नको, २० बारवालं घ्या, प्रेशर जास्त तेवढी कॉफी कडक. माझं मत असं की सगळे पैसे एका बऱ्यापैकी मशीनवर टाकावेत आणि पावडर दळलेलीच आणावी, नाहीतर घरात मिक्सर आहेच की. धाकटे दीर म्हणतात अर्धे पैसे ग्राइंडरला ठेव. दळायच्या यंत्राला आठ-दहा हजार, हे मला काही पटत नाहीये. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

ताजी_भाजणी
दिरांचं ऐका. आधी ते बारचं डोक्यातून काढा, १५ किंवा २० हा पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला, कॉफीवर लागतात साधारण ९ बार, त्याच्या वर गेल्याने चव वाढत नाही. खरं काम दळणाचं आहे. १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, हे ढोबळ माप धरा. त्याच पावडरीत जरा जाडसर दळलं की १२ सेकंदात पाणी धो धो खाली येतं आणि कॉफी आंबट पाणचट लागते, जरा बारीक झालं की थेंब थेंब पडून कडूजहर. म्हणजे वेळ हातात ठेवायची तर दळण हातात पाहिजे. मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं, त्यात पीठ पण निघतं आणि रवा पण, एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही. हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, पण एस्प्रेसोसाठी बारीक बारीक टप्पे असलेला. किंगग्राइंडर के६ नावाच्या ग्राइंडरमध्ये एका क्लिकला, म्हणजे एका टप्प्याला, १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक पडतो, तेवढं बारीक जमतं म्हणून तो चालतो, स्वस्तातल्या बऱ्याच ग्राइंडरमध्ये एका क्लिकला एवढी उडी असते की शॉट, म्हणजे कॉफीची धार, एकतर पळतो नाहीतर अडकतो, मधलं काही नाहीच.

दुधाचा_कप
मी ताईंच्या बाजूने. चार वर्षं झाली, साधं पंपवालं मशीन आहे आणि रोस्टरकडून, म्हणजे बिया भाजून विकणाऱ्याकडून, दळून आणलेली पावडर, रोज दोन कॅपुचिनो होतात आणि घरात एकाचीही तक्रार नाही. या मशिन्ससोबत जे डबल वॉल बास्केट, म्हणजे पावडर भरायची दुहेरी तळाची जाळीची वाटी, येते तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं, पाणी अडवायचं काम ते भोक करतं, पावडरीने नाही केलं तरी चालतं. म्हणून दळण थोडं इकडे तिकडे झालं तरी कप बिघडत नाही. सकाळी साडेसहाला एका बाजूला पोळ्या, दुसऱ्या बाजूला मुलांचे डबे, त्यात १८ ग्रॅम बिया हाताने दळत कोण उभं राहणार? दीडशे मिली दूध पडल्यावर तो आंबट-कडूचा फरक कुठे शिल्लक राहतो? काळी पिणाऱ्यांचा हिशोब दूध पिणाऱ्यांना लावू नका.

ताजी_भाजणी
पण त्यांच्या घरात काळी पिणारा आहे ना, पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि डबल वॉलमधून वर जो जाड थर दिसतो तो बराचसा त्या भोकातून जोरात बाहेर पडताना झालेला फेस असतो, क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर येणारी खरी साय, समजून त्यावर खूश होऊ नका. दळलेली पावडर तर पाकीट फोडल्यापासून दिवसागणिक वास घालवते, आठवड्याने हुंगून बघा.

मंगळुरूचा_जावई
मी वेगळंच सांगतो, मशीनच घेऊ नका. मोका पॉट घ्या, गॅसवर ठेवायची कॉफीची किटली. १९३३ पासून इटलीतल्या घराघरांत हेच आहे, बियालेट्टी कंपनीने काढलं तेव्हापासून रचना फारशी बदललेली नाही, बिघडायला त्यात रबराच्या रिंगशिवाय आहे काय? गॅस बारीक, खाली गरम पाणी भरायचं, फुरफुर आवाज आला की उतरवायचं. दूध फेटायला हातातली बॅटरीवाली रवी मिळते. दोन-तीन हजारांत सगळं बसतं आणि उरलेल्या पैशात वर्षभर चिकमगळूरच्या चांगल्या बिया येतील. सासुरवाडीला पितळी फिल्टरची कॉफी पिऊन मोठ्या झालेल्या माणसांना मी मोकाची पाजलीये, त्यांनी दुसरा कप मागून घेतला.

दुधाचा_कप
मोका छानच असतो, माझ्याकडेही आहे. पण त्यात एक-दीड बार प्रेशर, ती कॉफी दाट असते, एस्प्रेसो नसते. आणि बॅटरीच्या रवीने मोठे बुडबुडे येतात, वाफेने दूध जसं मऊ होतं तसं होत नाही. ताईंना तेच दूध हवंय. एक मात्र सांगते, फिल्टर कॉफीची चिकरी घातलेली पावडर मशीनमध्ये चुकूनही घालू नका, बास्केट चोंदतं.

राईनकाठचा
जर्मनीतून लिहितोय. मी इथे जुनी गाजिया क्लासिक ही इटालियन कॉफी मशीन घेतली, १९९१ पासूनचं मॉडेल, ५८ मिलिमीटरचं पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा), म्हणजे कॅफेच्या मशीनचं बास्केट पण बसतं. गॅस्केट स्वतः बदललं, बॉयलर उघडून साफ केला, आतलं सगळं कळतं. नवीन प्लास्टिकचं स्वस्त मशीन घेण्यापेक्षा जुनं पण दुरुस्त होणारं घ्या हे माझं ठाम मत.

ताजी_भाजणी
दादा, तुमचं बरोबर आहे पण तिथे जुन्या मशिन्सचा बाजार आहे, पुण्यात तुम्ही म्हणता ते मिळालं तरी २० हजारांत ग्राइंडरसकट बसत नाही. आणि पार्ट अडला की तो बाहेरून मागवायचा.

टँकरचं_पाणी
तुम्ही सगळे चवीवर भांडताय, पाण्याचं कुणी बोलतच नाहीये. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर, पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. तेच पाणी मी मशीनमध्ये भरत गेलो आणि चौदाव्या महिन्यात वाफ बंद, मग धार बंद. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला आत क्षार साचलेत, हे गॅरंटीत बसत नाही. खूप वाईट वाटलं कारण ते पहिल्या पगारवाढीतून घेतलं होतं. तेव्हा प्यायचं फिल्टरचं पाणीच घाला आणि दोन-तीन महिन्यांनी सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं ढोकळ्यातलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून आतून फिरवा, मग दोन टाक्या साधं पाणी.
अजून एक, चार-पाच हजारांत जी मशिन्स मिळतात त्यातल्या बऱ्याच जणांत पंपच नसतो, नुसत्या वाफेने पाणी ढकलतात, त्यात पाणी फार गरम होतं आणि कॉफी करपल्यासारखी लागते. दुकानात बार विचारू नका, पंप आहे का विचारा.

सकाळी_सहाला
पंपाचं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. मग आता असं विचारते, डबल वॉलवालं मशीन घेतलं आणि ग्राइंडर पण घेतला तर उपयोग होईल का?

ताजी_भाजणी
होईल, पण बास्केट बदला. या छोट्या मशिन्समध्ये बहुतेक ५१ मिलिमीटरचं पोर्टाफिल्टर असतं, त्यात बसणारं सिंगल वॉल, म्हणजे एकेरी तळाचं पुष्कळ भोकांचं बास्केट वेगळं मिळतं, फार महाग नाही. मशीनसोबत पावडर दाबायचा प्लास्टिकचा चमचावजा टॅम्पर येतो तो ठेवून द्या, मापाचा लोखंडी घ्या.

दुधाचा_कप
मी परवा बहिणीकडे खरंच करून बघितलं कारण ही चर्चा वाचून राहवेना. तिच्याकडे ग्राइंडर आहे. तेच मशीन, त्याच बिया, एकदा ताज्या दळून सिंगल वॉलमध्ये, एकदा आठ दिवसांपूर्वी दळलेली डबल वॉलमध्ये. दुधात तिघींपैकी दोघींना फरक सांगता आला नाही, त्यात मी एक. काळी मात्र प्यायलो तेव्हा लगेच कळलं, ताजीत गोडसर चॉकलेटसारखं काहीतरी होतं, दुसरीत नुसता कडूपणा. तेव्हा तुमच्या यजमानांसाठी ग्राइंडर घ्या हे मी मान्य करते. तुमच्या कपासाठी नको, हे अजूनही म्हणते.

सकाळी_सहाला
ठरलं मग. पंपवालं छोटं मशीन अकरा हजारांपर्यंत, ग्राइंडर आठपर्यंत, उरलेल्यात ते बास्केट आणि टॅम्पर, बिया पुढच्या महिन्याच्या वाणसामानात. दोन्ही बास्केट ठेवणार, यांचं एक, माझं एक. सकाळचं दळण हे करतील, तसं कबूल करून घेतलंय. मशीनवर १३५० वॅट लिहिलंय आणि ओट्याजवळ मिक्सरचं छोटं सॉकेटच आहे, मोठं फ्रिजमागे. एक्स्टेन्शन लावलं तर चालेल?

टँकरचं_पाणी
नको. १३५० म्हणजे जवळजवळ ६ अँपिअर, ते छोटं सॉकेट अगदी काठावर येतं आणि साध्या एक्स्टेन्शनची वायर तापते. वायरमनला बोलावून ओट्यावर १६ अँपिअरचं सॉकेट वेगळ्या वायरने काढून घ्या, मशीन घरी यायच्या आधी.