मदत हवी आहे: राम्मश्टाइनच्या ‘मॉस्काउ’ची मराठी सबटायटल्स

जर्मन रॉक बँड राम्मश्टाइनच्या 2004 च्या ‘राइझे, राइझे’ अल्बममधलं, मॉस्को शहरावरचं हे गाणं (‘मॉस्काउ’ म्हणजे जर्मनमध्ये मॉस्को). बँडचा गायक टिल लिंडेमान जर्मनमध्ये या शहराला म्हातारी होत चाललेली, रंगरंगोटी केलेली वेश्या म्हणतो, तरी तिच्यावरचं प्रेम सोडत नाही. त्याच वेळी गायिका व्हिक्टोरिया फेर्शच्या आवाजात रशियन ओळी येतात: जगातलं सर्वांत सुंदर शहर, लेनिनसाठी गाणी गात निघालेले पायोनियर (सोव्हिएत बालसंघटनेतली मुलं). म्हणून फक्त जर्मन कळणाऱ्याला गाणं अपमानकारक वाटतं, फक्त रशियन कळणाऱ्याला गौरवगीत. दोन्ही कळलं तरच खरा डंख बसतो. बँडची मंडळी पूर्व जर्मनीतली, तिथे शाळेत रशियन सक्तीचं होतं, हेही ऐकताना लक्षात ठेवावं.

अडचण लिंगाची आहे. जर्मन ‘श्टाट’ (शहर) स्त्रीलिंगी, रशियन ‘मस्क्वा’ (मॉस्को)ही. आपलं ‘शहर’ नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘ते शहर वेश्या आहे’ लिहिताच रूपक मोडतं. ‘नगरी’ घेतलं तर ‘ती’ टिकते, पण पौराणिक वास येतो. दुसरा पर्याय सुचतो का? वेश्येसाठीचा मूळ जर्मन शब्द ‘डिर्ने’ जुन्या वळणाचा आहे. त्याला ‘वेश्या’ कोरडा वाटतो, ‘गणिका’ फार सोज्वळ.

रशियन जाणकारांनी उच्चारही तपासावेत. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, म्हणून ‘पोस्मोत्री’ (बघ) नव्हे, ‘पस्मत्री’ लिहिलंय. ध्रुवपदात दोन्ही भाषा लागोपाठ येतात. तिथे जर्मन पांढऱ्या, रशियन पिवळ्या अक्षरांत ठेवल्यात. वाचायला वेळ पुरतो का, तेही सांगा.