पलूसच्या टेकड्या: आई-बाबांसोबत तीन दिवस, सल्ला हवा

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा आमच्याकडे सिएटलला असतील. बाबांनी आयुष्यभर शेती केली, त्यामुळे त्यांना शहरांपेक्षा इथली शेती दाखवावी असं मनात आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या पलूस भागातल्या गव्हाच्या टेकड्यांबद्दल बरंच ऐकलंय. आईचे गुडघे दुखतात, फार चालणं जमणार नाही. मुक्काम कुठे करावा? आणि जून हा काळ बरोबर आहे ना?

प्रतिसाद

जून उत्तम! मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत टेकड्या हिरव्यागार असतात, मधूनमधून कनोला या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाचे पिवळे पट्टे. ऑगस्टमध्ये गहू सोनेरी होऊन कापणी सुरू होते. उतारावरही समतल राहणारी कंबाईन यंत्रं तेव्हा शेतात दिसतात, पण हवेत धूळ फार.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा, पुलमन किंवा कोलफॅक्स. रोज हॉटेल बदलू नका, कारण या भागात सगळं उन्हाच्या तिरपेवर आहे. भर दुपारी टेकड्या सपाट दिसतात. सकाळ-संध्याकाळ सावल्या पडल्या की एकेक उंचवटा उठून येतो. दुपारी खोलीवर आराम करायचा आणि या दोन वेळा बाहेर पडायचं. स्टेप्टो ब्यूटवर नक्की जा. ३,६१२ फुटांचा हा डोंगर आहे आणि गाडी वळणं घेत थेट माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे आईंनाही त्रास नाही. जूनमध्ये सूर्योदय पाचच्या सुमारास होतो. वर वारा बोचरा असतो, स्वेटर हवाच.

प्रतिसाद

तुमच्या बाबांना इथली माती आवडेल. वाऱ्याने लाखो वर्षं वाहून आणलेली बारीक माती बसाल्टवर साचत गेली आणि या टेकड्या तयार झाल्या. गहू, बार्ली, मसूर, हरभरा ही इथली मुख्य पिकं. शेतात मसूर ओळखायचं काम बाबांवर सोपवा.

सिएटलहून व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडली की २६ नंबरचा रस्ता घ्या. वाटेत कोरडा, खडकाळ प्रदेश लागेल. हिमयुगातल्या प्रचंड पुरांनी तिथली माती खरवडून नेली आहे. त्यानंतर कोलफॅक्सकडे जाताना टेकड्या सुरू होतात, तो बदल बघण्यासारखा आहे. पलूस धबधबा (१९८ फूट) याच बाजूला आहे. पुलमनहून मुद्दाम वेगळे गेलात तर जाऊन-येऊन तीन तास मोडतील, म्हणून परतीच्या दिवशी वॉशटकना गावाहून वळून बघा. बघायची जागा पार्किंगजवळच आहे.

धागाकर्ती

खूप आभार! मधला दिवस छोट्या गावांसाठी ठेवते. कच्च्या रस्त्यांवर साधी गाडी चालेल का?

प्रतिसाद

कोरडं असेल तर खडीचे रस्ते सावकाश चालवून जमतात. पाऊस झाला असेल तर मातीच्या रस्त्यांवर अजिबात जाऊ नका, ती माती भयंकर निसरडी होते. शिवाय शेतं खासगी मालकीची आहेत. फोटोसाठी पिकात पाऊल नको, आणि गाडी उभी करताना ट्रॅक्टरची वाट अडणार नाही असं बघा. बाबांना हे सांगावं लागणार नाही म्हणा.

गावांसाठी पुलमनहून २७ नंबरने उत्तरेला निघा: पलूस, गारफील्ड, ओक्सडेल. पलूस गावात जुन्या विटांच्या इमारतींचा छोटा मुख्य रस्ता आणि छपाईचं संग्रहालय आहे. ते उघडं आहे का, आधी बघून घ्या. ओक्सडेलला जुनी लाकडी पिठाची गिरणी रस्त्यावरूनच दिसते. तिथून स्टेप्टो जवळ आहे, म्हणजे सूर्यास्त माथ्यावर गाठता येईल. दुसऱ्या दिशेला, युनियनटाउनला, डॅमन बार्न या जुन्या गोठ्याभोवती जुन्या लोखंडी चाकांचं कुंपण आहे. हजाराहून जास्त चाकं! शेतीची अवजारं वापरलेल्या माणसाचा तिथे पाय निघणार नाही, म्हणून निदान तासभर ठेवा.

स्टेप्टो आणि धबधबा दोन्हीकडे डिस्कव्हर पास (राज्याच्या उद्यानांत गाडी नेण्याचा परवाना) लागतो, तो निघण्याआधीच काढा. टेकड्यांमध्ये फोनची रेंज जाते, नकाशा आधीच फोनमध्ये डाउनलोड करून घ्या.