एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्प भाषेचा कंपायलर) डीबग ३ कायमचं चालू ठेवावं का?

घोडबंदरकर
माझं स्पष्ट मत: डेव्हलपमेंटच्या मशीनवर स्टार्टअप फाइलमध्ये 'रिस्ट्रिक्ट-कंपायलर-पॉलिसी' टाकून डीबगची (चुका शोधण्यासाठी कंपायलरने किती माहिती राखायची, ० ते ३) किमान पातळी ३ करावी आणि मोकळं व्हावं. डीफॉल्ट १ वर बॅकट्रेसमधली (एररपर्यंत कोणी कोणाला कॉल केला त्याची यादी) निम्मी व्हेरिएबल्स हाताला लागत नाहीत. फंक्शनने शेवटचं काम म्हणून दुसऱ्याला कॉल केला, तर पहिल्याची फ्रेमच, म्हणजे त्या यादीतली त्याची नोंदच, गायब. मग एरर आला कुठून, ते शोधत बसा. वागळे इस्टेटला आमच्याकडे नवीन आलेली पोरं यावरूनच लिस्पला शिव्या घालतात.

ऐरोली_नाका
साफ असहमत. ती फ्रेम टाकून देतात म्हणून तर टेल कॉल, म्हणजे असा शेवटचा कॉल, लूपसारखा पळतो. ३ वर ते बंद. स्वतःलाच कॉल करणारं फंक्शन दहा लाख नोंदींवर चालवून बघा. या फ्रेम जिथे साठतात तो कंट्रोल स्टॅक मुळात २ एमबीचा, तो संपणारच. नसलेला बग तुम्हीच पैदा केलात! स्लाइममध्ये (ईमॅक्स एडिटरमधलं लिस्पचं साधन) कंट्रोल-यू देऊन कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबा, तेवढंच फंक्शन कमाल डीबगवर कंपाइल होतं.

घोडबंदरकर
अहो, टेल कॉलची हमी स्कीम ही लिस्पची दुसरी बोली देते. कॉमन लिस्पच्या १९९४ च्या एएनएसआय स्टँडर्डमध्ये ती नाही. दहा लाखांना सरळ लूप लिहा की! आणि तुमची युक्ती कधी चालणार? बग कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते आधीच माहीत असेल तर. ते माहीत असतं तर डीबगर कशाला उघडला असता?

कळवा_खाडी
भांडा निवांत, पण जुन्या फासल, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेल्या, फाइलींचं काय? पॉलिसी बदलली म्हणून आधी कंपाइल झालेला कोड बदलत नाही. प्रोजेक्ट बिल्ड करणाऱ्या एएसडीएफला फोर्स, म्हणजे सगळं पुन्हा कंपाइल कर, असं सांगावं लागतं. 'सेटिंग लावलं तरी काही दिसत नाही' म्हणणारे बहुतेक इथेच अडकलेले असतात. फाइलीच्या डोक्यावर डिक्लेम (कंपायलरला तिथेच दिलेली सेटिंग) लिहिणाऱ्यांनीही जपून. फाइल संपल्यावर त्याचा असर राहतो की नाही, हे स्टँडर्डने मोकळंच सोडलंय.

ऐरोली_नाका
फासलचं बरोबर. पण सगळ्यालाच लागू होणारं फोर्स ऑल दिलं की लायब्रऱ्याही आल्या. लेखकाने विचार करून स्पीड ३, डीबग ० लिहिलेलं असतं, त्यावरही हे किमान ३ बसतं. आमच्या टेस्ट सुरू करून मी ऐरोलीहून लोकलने ठाण्याला पोचतो, तरी त्या चालूच.

घोडबंदरकर
लायब्रऱ्या आधी लोड करा, पॉलिसी नंतर लावा. क्रम बदलायचा, बाकी काही नाही.

ऐरोली_नाका
आणि एरर लायब्ररीतच निघाला तर?