दुर्बिणीतून पिशवी काढायची आहे. ऑपरेशनला 'फेलो' डॉक्टर असतील तर हो म्हणावं का?

रहिमतपूरच्या बाई

नमस्कार. वय ४६, रहिमतपूरजवळच्या झेडपी शाळेत चौथीला शिकवते. दीड वर्ष झालं, पाळीत फार अंगावरून जातं. हिमोग्लोबिन ८.२ वर आलं तेव्हा शिरेतून लोह दिलं, आता ११ आहे. सोनोग्राफीत ७ सेंटीमीटरची फायब्रॉईडची गाठ. गोळ्या झाल्या, हॉर्मोनवाली तांबी बसवली, तीही निघून आली. शेवटी पिशवी काढायचं ठरलं. मिरजेकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलंय. तिथल्या सरांचं नाव सगळेच घेतात.

पण सर भेटले सात मिनिटं. पाऊण तास तपासलं ते एका तरुण मॅडमनी. दोन्ही बाळंतपणं सिझेरियन का, नंतर टाके पिकले होते का, सगळं खोदून खोदून विचारलं. त्यांच्या कोटावर 'फेलो' लिहिलेलं. बाहेर सिस्टर म्हणाल्या, "मॅडमपण असतात ऑपरेशनला, शिकायला आल्यात." तिथेच माझं मन अडकलं. आमचे हे म्हणतात, पैसे पूर्ण देतोय तर शिकाऊ कशाला?

माझ्या वर्गावर दरवर्षी डीएडची मुलं सराव पाठ घ्यायला येतात. मी मागच्या बाकावर बसते. पाठ बिघडला तर दुसऱ्या दिवशी मी तोच परत शिकवते. पोटाचं तसं करता येत नाही ना! तर फेलो म्हणजे नेमकं कोण? ते नुसते बघतात की करतात? आणि सरांना हे विचारलं तर त्यांना राग येईल का?

विटेकरीण

बाई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, विट्यात छोटं हॉस्पिटल आहे, आणि नऊ वर्षांपूर्वी मीही अशीच फेलो होते.

तुमच्या मॅडमनी इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि त्यावर एमएस नाहीतर डीएनबीची तीन वर्षं काढलेली असणार. उद्या गावात पाटी लावून स्वतः ऑपरेशनं करायला त्या मोकळ्या आहेत. तरी परत शिकायला आल्या, कारण पोट उघडून काम करायची सवय असलेला हात दुर्बिणीत निम्मा निकामी होतो. पाच मिलिमीटरच्या छिद्रातून फूटभराचा दांडा आत. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. पडद्यावर खोली कळत नाही, बोटांना काही लागत नाही.

मी गेले तेव्हा सरकारी सेवेच्या बाँडचं वर्षही संपलेलं, सिझेरियन शेकड्यांनी केलेली, जरा मिजासच होती. पहिले तीन महिने हातात फक्त कॅमेरा! चित्र वाकडं झालं की आमचे सर काही बोलायचे नाहीत, नुसते हात थांबवून उभे राहायचे. त्यापेक्षा शिवी परवडली असती. रात्री रूमवर प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला दोन भोकं पाडायची, आत मोबाईलचा कॅमेरा, आणि लांब चिमट्यांनी हरभरे या वाटीतून त्या वाटीत. मग कोंबडीच्या तंगडीवर टाके. माझ्या रूममेटने दोन आठवडे चिकन सोडलं होतं. आतल्या आत पहिली गाठ मारायला मला ११ मिनिटं लागली. वर्ष संपताना दीड.

कॅमेऱ्यानंतर खालून पिशवी हलवून देणं, मग पोर्ट म्हणजे छिद्रातली नळी घालणं, मग बीजकोशाच्या साध्या गाठी, असं एकेक हातात येतं. गर्भाशयाची मोठी रक्तवाहिनी सगळ्यात शेवटी. तिच्या खालून मूत्रनलिका, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी जाते, गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवर. रक्तवाहिनी उष्णता देऊन बंद करतात. त्यात मूत्रनलिका भाजली तर त्या दिवशी कळेलच असं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी लघवी गळायला लागते तेव्हा कळतं. मला ती वाहिनी आठव्या महिन्यात मिळाली, तीसुद्धा सरांचा चिमटा माझ्या चिमट्याशेजारी असताना.

सिझेरियनचं खोदून विचारलं ते बरोबरच केलं. दोन सिझेरियननंतर मूत्राशय पिशवीला घट्ट चिकटलेलं असू शकतं. तो भाग मी तरी कुठल्या फेलोला दिला नसता. सरांना नेमकं तेच विचारा: कुठला भाग कोण करणार? राग आला तर दुसरीकडे दाखवा.

एक मात्र आहे, 'फेलो' शब्दावर जाऊ नका. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप असते. स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया शिकायची तर तीन वर्षांचं एमसीएच, ते वेगळंच शिक्षण. आणि चार दिवस हॉटेलात बसून मिळणारी प्रमाणपत्रंही असतात. सोनेरी चौकटीत तीही छान दिसतात.

मिरजेची सिस्टर

मी ३४ वर्षं ऑपरेशन थिएटरला होते, आता रिटायर. ताई, तुम्ही एवढंच विचारा, सर हात धुऊन टेबलाला शेवटपर्यंत उभे राहणार का? का मधेच दुसऱ्या थिएटरला जाणार? एका ठिकाणी (नाव घेत नाही) सर पुढची केस बघायला गेले आणि फेलो पोरगी चिमटा धरून पंचवीस मिनिटं तशीच उभी. तिची चूक काय ओ? तिला हात लावायची परवानगी नव्हती आणि सोडूनही चालणार नव्हतं. रडवेली झाली होती.

आणि संमतीच्या फॉर्मवर "गरज पडल्यास पोट उघडून" असं असतंय, ते बघून घाबरू नका. वेळेत उघडणारा सर्जन मला कधीही चालतो. हट्टाने आतच खेळत बसणारेही बघितलेत मी.

कृष्णाकाठचा

आमच्या मिसेसच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं होतं, सरांशिवाय कोणी हात लावायचा नाही. पैसे मोजतो तर सरच पाहिजेत. शिकायचं त्यांनी कुठेतरी दुसरीकडे शिकावं.

विटेकरीण

दादा, दुसरीकडे म्हणजे कुणाच्या मिसेसवर? आणि सरांना चार हात नसतात. त्यांचे दोन गुंतलेले असताना कॅमेरा दुसरं कोणीतरी धरतंच. तुमच्या वेळी कोणी धरला होता, विचारलंत का? नकार द्यायचा हक्क पेशंटला आहेच, पण तो तुमच्या मिसेसचा होता. त्यांना कोणी विचारलं होतं?

रहिमतपूरच्या बाई

सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन आले. धीर करून विचारलं. सर रागावले नाहीत, उलट केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मूत्राशय सोडवणं आणि दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या ते स्वतः करणार. मॅडमकडे कॅमेरा, आणि शेवटी आतून योनीचं वरचं तोंड शिवणं, तेही सर शेजारी असताना. दुसऱ्या थिएटरला त्या दिवशी त्यांची केस नाही, हेही विचारून घेतलं. आमचे हे शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. मी हो म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली, तेवढीच रजा वाचेल.

निघताना मॅडमना विचारलं, डब्यात हरभरे वापरता का? त्या आधी दचकल्या, मग हसल्या. म्हणाल्या, हरभरे पहिल्या महिन्यात, आता साबुदाणा.

सिस्टर, ॲडमिट होताना घरून काय काय न्यायचं ते सांगाल का? तिथल्या यादीत नुसतं 'आवश्यक साहित्य' लिहिलंय.