मदत हवी आहे: पावसाळ्यात लिथियम सेलचं इलेक्ट्रोलाइट ओलाव्यापासून कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी कॉइन सेल (बटणासारख्या चपट्या छोट्या बॅटऱ्या) बनवते. कॅथोड (धन इलेक्ट्रोड) एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, समोर लिथियमची चकती, इलेक्ट्रोलाइट (दोन्हींमध्ये आयन वाहून नेणारं द्रावण) म्हणजे कार्बोनेट द्रावकांत १ मोलर लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट. उन्हाळ्यात नाशिकची हवा कोरडी, तेव्हा सेल झकास चालले. आषाढ लागल्यापासून मात्र तेच साहित्य, तीच कृती, आणि क्षमता भराभर उतरतेय. ग्लोव्ह बॉक्सचा (आर्गॉन वायू भरलेली बंद पेटी, तिच्यातच सेल जुळवते) मीटर तर पाणी १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली दाखवतो. काचेच्या बाटलीत उरलेल्या इलेक्ट्रोलाइटला पिवळट झाक आलीय, बाटली आतून धुरकट झालीय.

हेक्साफ्लोरोफॉस्फेटच्या या क्षाराला पाणी लागलं की एचएफ (हायड्रोजन फ्लोराइड) तयार होतं, पहिल्याच पायरीत १८ ग्रॅम पाण्यातून ४० ग्रॅम! ते कॅथोडमधलं लोह विरघळवतं, लिथियमवरचा संरक्षक थरही खातं. पण छोट्या प्रयोगशाळेत ड्राय रूम (कोरड्या हवेची खोली) कुठून आणायची? मला थोडाफार ओलावा सोसणारं इलेक्ट्रोलाइट हवंय. लिथियम टीएफएसआय हा दुसरा क्षार वापरू का? तो पाण्याला दाद देत नाही, पण कॅथोडखालची ॲल्युमिनियमची फॉइल कुरतडतो. की हेक्सामिथिलडायसिलाझेनसारखं पाणी टिपणारं ॲडिटिव्ह घालू? मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) थेट इलेक्ट्रोलाइटमध्ये टाकले तर चालतील? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा, प्रकल्प अडलाय.

प्रतिसाद:

ताई, मीटर बॉक्समधल्या आर्गॉनचं पाणी मोजतो, इलेक्ट्रोडच्या पोटातलं नाही. एलएफपीचे कण बारीक, वर कार्बन. बाहेर कापून ठेवलेल्या चकत्या दमट हवा पिऊन बसतात. आधी त्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर रात्रभर सुकवा आणि हवा न लागू देता आत घ्या. सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा) ६० अंशांच्या आसपासच ठेवा, जास्त तापला तर आकसतो.

सीव्ह तयार इलेक्ट्रोलाइटमध्ये अजिबात नको, त्यातलं सोडियम लिथियमशी अदलाबदल करून द्रावणात उतरतं. नुसता द्रावक सुकवून मग क्षार घाला. काचेची बाटली आजच बंद करा, ॲल्युमिनियमची घ्या. एचएफ काच खातं आणि त्यातून पुन्हा पाणीच सुटतं, म्हणजे हे चक्र थांबतच नाही.

सिलाझेन अगदी थोडं घाला, पाणी टिपताना ते अमोनिया सोडतं. टीएफएसआय एकटा नको, जुन्या क्षारात मिसळून बघा. जुन्या क्षारापासून बनणारा फ्लोराइडचा थर ॲल्युमिनियमला सांभाळतो.

आणि त्या धुरकट बाटलीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. प्रयोगशाळेत एचएफ अंगावर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आहे का, ते सगळ्यात आधी बघा.